वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीतल्या बाईंना

बाई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही निवृत्त झाल्याचं मला फार उशिरा कळलं. खिडकीत आता एक मुलगा बसतो. तुमचा पत्ता विचारला, तर "बाई लेकीकडे गेल्या" एवढंच म्हणाला. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. नाव घालत नाही. जुने सभासद तुम्हाला ओळखतीलच.

दादात आणि माझ्यात मिळून एकच वर्गणी होती आणि पुस्तक आधी कोणी न्यायचं यावरून तुमच्या खिडकीसमोर आम्ही किती भांडलोय! त्यामुळे तुम्हाला आमच्या घरचं थोडंफार ठाऊक असावं. त्या दिवशी मात्र मी काहीच बोललो नव्हतो. भिजत आलो आणि "काहीतरी जाडजूड द्या" म्हणालो. झालं होतं एवढंच, की पहिल्या पगारातून मी बाबांना एचएमटीचं घड्याळ आणलं, आणि त्यांनी ते "छान आहे" म्हणून डबीसकट कपाटात ठेवलं. पट्ट्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाही. दादाने एसटी स्टँडवरून आणलेलं रेक्झिनचं पाकीट मात्र शिवण उसवली तरी त्यांच्या खिशात.

तुम्ही इंग्रजीच्या कपाटातून जॉन स्टाइनबेकची 'ईस्ट ऑफ ईडन' काढून दिलीत. 1952 सालची कादंबरी. सुरुवातीच्या प्रकरणांतच तो चाकू आला आणि मी अंथरुणात उठून बसलो. धाकटा चार्ल्स लाकडं तोडून पैसे मिळवतो आणि बापाच्या वाढदिवसाला शिंपल्याच्या मुठीचा, तीन पात्यांचा जर्मन चाकू आणतो. थोरला अ‍ॅडम रानात सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू उचलून आणतो. पिल्लू बापाच्या खोलीत झोपतं. चाकू पुन्हा कधी दिसत नाही. चार्ल्स अ‍ॅडमला मरेस्तोवर मारतो, वर कुऱ्हाड घेऊन परत त्याला शोधायला जातो. मला त्याचा राग आला नाही. हे मी तेव्हा कोणाला सांगू शकलो नसतो.

पुस्तक परत करताना मी तुमच्यासमोर बापाला, त्या सायरस ट्रास्कला, भरपूर शिव्या घातल्या. अ‍ॅडमलाही लाडोबा म्हणालो. तुम्ही तारखेचा शिक्का मारता मारता विचारलंत, "अरे, पण त्या अ‍ॅडमचं बापावर प्रेम होतं का?"

मला आठवेना. तुम्ही पुस्तक जमा करून न घेता पुन्हा आमच्याच तिकिटावर लिहिलंत.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा दिसलं. अ‍ॅडमचं बापावर प्रेम नव्हतंच. बाप गेल्यावर तो चार्ल्सला तसं सांगतोही. ज्याने जीव लावला त्याला काही मिळालं नाही आणि ज्याला मिळालं त्याने ते मागितलंच नव्हतं. शिवाय बापाचं प्रेम म्हणजे काय, तर मारामारीचा तिटकारा असलेल्या त्या पोराला सैन्यात पाठवणं! 'तुझ्यावर माझा जास्त जीव आहे' म्हणूनच. नावडता चार्ल्स शेतावर सुखरूप राहिला.

बारावीनंतर बाबांनी दादाला दुकानात बसवलं. त्याला शेतकी कॉलेजात जायचं होतं, फॉर्मही आणला होता. "तूच सांभाळशील" म्हणाले. मला पुण्याला पाठवलं. माझं काय झालं तरी चालेल म्हणून पाठवलं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

तुम्ही कादंबरीतल्या पुढच्या पिढीबद्दल काही बोलला नाहीत. तोच अ‍ॅडम बाप झाल्यावर त्याच्या मुलाने, केलने, कमावलेले 15,000 डॉलर्स नाकारतो. युद्धाच्या तेजीत घेवड्याच्या धंद्यात मिळालेला पैसा, म्हणून नको. वर शिकणाऱ्या दुसऱ्या मुलाचं, एरनचं, कौतुक करतो. इथे मी अ‍ॅडमला अजून माफ केलेलं नाही. आणि खरं सांगू, त्यांची आई कॅथी मला पटलीच नाही. कुठलीही बाई इतकी नितळ दुष्ट कशी असेल? भेटलो असतो तर यावर तुमच्याशी वाद घातला असता.

मी दादाला फोन केला तो पुस्तक संपल्यावर चार दिवसांनी. "तुला दुकान नको होतं ना रे?" असं विचारलं. बराच वेळ पलीकडून फक्त वजनकाट्यावर मापं ठेवल्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाला, "मला विचारलं होतं का कुणी?"

आभार त्या शिक्क्याचे, बाई, जो तुम्ही तेव्हा मारायचा थांबवलात. वर दंडही घेतला नाहीत.

घड्याळ कपाटातच आहे. बाबांना मी काही विचारलेलं नाही. दादा इंग्रजी वाचत नाही, म्हणून रविवारी दुकान बंद झालं की मी त्याला फोनवर गोष्ट सांगतो. गेल्या रविवारी चार्ल्स कुऱ्हाड घेऊन अंधारात निघाला, तिथे थांबलो. "मग? वाचला का तो?" दादाने विचारलं. म्हटलं, पुढच्या रविवारी.

आपला,
तिकीट भावाच्या नावावर असलेला धाकटा