पंचांचे चेस्ट गार्ड मापाचे हवेत

संपादक महोदय,

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम जवळ आला की साहित्याची खरेदी निघते. आमच्याकडे बेसबॉलच्या यादीत बॅट, बॉल, ग्लोव्ह, कॅचरचे (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्याचे) किट सारे तपशिलाने लिहिलेले असते. पंचांच्या रकान्यात, छातीवर घालायच्या संरक्षक कवचासाठी, मात्र ‘चेस्ट गार्ड, १ नग’ एवढेच. हाच नग सकाळी सहा फुटी सरांच्या अंगावर असतो आणि दुपारी माझ्या. माझी उंची पाच फूट एक इंच आहे.

होम प्लेटमागचा, म्हणजे बॅटर खेळतो त्या जागेमागचा, पंच कॅचर आणि बॅटर यांच्यामधल्या फटीतून चेंडू पाहतो, त्यामुळे त्याची छाती कॅचरच्या आड पूर्ण झाकली जात नाही. पिचर (चेंडू टाकणारा) ६० फूट ६ इंचांवर असला, तरी बॅटची कड लागून मागे आलेला चेंडू दोनेक मीटरवरच अंगावर आदळतो. वजन जेमतेम १४५ ग्रॅम, पण टणक. बाजूला व्हायला वेळ नसतो आणि पंचाने जागा सोडायचीही नसते, कारण तो हलला की स्ट्राइक झोनचा (चेंडू ज्या काल्पनिक चौकटीतून गेला तर स्ट्राइक ठरतो तिचा) अंदाज गेला.

मोठा गार्ड उभे असताना ठीक वाटतो. वाकून पवित्रा घेतला की त्याची खालची कड कमरेच्या पट्ट्यावर टेकते आणि सगळा गार्ड वर सरकून गळ्याला लागतो. म्हणून पट्टे सैल केले की तो खाली घसरतो आणि कॉलरबोन उघडे पडते. फार लहान असला तर खालच्या बरगड्या उघड्या. तेव्हा गार्ड ताठ उभे राहून नव्हे, तर मास्क चढवून, पवित्रा घेऊन तपासावा. वरची कड गळ्याच्या खळगीशी यावी, दोन्ही कॉलरबोन झाकलेली असावीत, श्वास मोकळा राहावा आणि स्ट्राइकचा हात उचलताना गार्ड जागचा हलू नये. पाठीवरचे पट्टे ज्याचे त्याने आदल्या दिवशी बसवून घ्यावेत. वरचा शर्टही एक माप मोठा हवा. घट्ट शर्ट गार्डला ओढून धरतो.

कॅचरचा जुना गार्ड पंचाला देण्याची पद्धत तर बंदच व्हावी. कॅचरचा गार्ड मऊ असतो, कारण चेंडू आदळून त्याच्या पुढ्यातच पडावा लागतो. पंचाला वरून कडक प्लेट आणि आत फोम असा गार्ड लागतो, म्हणजे मार एका जागी न बसता पसरतो.

मेजर लीग या अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेचे दोन गट आहेत; त्यांतल्या अमेरिकन लीगमधले पंच १९७० च्या दशकापर्यंत उशीसारखा फुगीर गार्ड हातांनी छातीपुढे धरत. तो कोणाच्याही हातात चालून जाई. दुसऱ्या गटात, नॅशनल लीगमध्ये, पंच बिल क्लेम यांनी शर्टाआड घालायचा गार्ड रुळवला आणि पुढे सगळीकडे तोच आला. आपण गार्ड आतला घेतला, पण वाटून वापरण्याची रीत अजून त्या बाहेरच्या गार्डची ठेवली आहे.

महिला पंचांची अडचण मी स्पष्टच लिहिते. पुरुषांच्या मापाची सपाट प्लेट आमच्या छातीवर नीट बसत नाही; खालून उचलली जाते आणि कडेला फट राहते. ९ ऑगस्ट २०२५ रोजी जेन पावोल मेजर लीगच्या नियमित हंगामात पंच म्हणून उतरणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या, तेव्हा आम्हा मैत्रिणींना फार आनंद झाला. आमच्या मैदानावर उभ्या राहणाऱ्या बाईंना निदान अंगाला बसणारा गार्ड मिळावा.

तालुका पातळीवर अनेकदा माजी खेळाडू पोरेच पंच म्हणून उभी राहतात. हृदयावर नेमक्या क्षणी बसलेला चेंडू हृदयाची लय बिघडवू शकतो आणि कोवळ्या वयात हा धोका अधिक असतो. अमेरिकेतल्या हायस्कूल सामन्यांत २०२० पासून कॅचरचा गार्ड यासाठीच्या ‘नॉक्सी’ (खेळाच्या संरक्षक साहित्याची मानके ठरवणारी अमेरिकन संस्था) मानकाचा असावा लागतो. गार्ड घेताना आपणही ती खूण पाहावी.

संयोजकांना विनंती आहे की, यादीत ‘१ नग’ऐवजी किमान एक लहान आणि एक मोठा गार्ड लिहावा, लांबी इंचात नोंदवावी आणि पट्टे कमीजास्त करता येतील असेच घ्यावेत. ज्यांना स्वतःचा गार्ड घ्यायचा आहे त्यांना मानधनाखेरीज थोडी मदत द्यावी. दर मागवण्याआधी पंचांची बैठक होतेच. त्या दिवशी टेप आणून प्रत्येकाचे माप लिहून घ्यावे.

– एक क्रीडाशिक्षिका व पंच, जळगाव जिल्हा