सप्ताहापुरते ऐक्य

माननीय संपादक, स. न.

१८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्य सप्ताह नुकताच पार पडला. त्यानिमित्त जिल्ह्यात झालेल्या संयुक्त प्रार्थनासभेचे वृत्त, व्यासपीठावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या पाळकांच्या आणि फादरांच्या छायाचित्रासह, आपल्या अंकात वाचून आनंद झाला. मीही त्या सभेला हजर होतो, म्हणून आनंदाबरोबर जी रुखरुख लागली तीही कळवतो. समोरच्या खुर्च्यांवर दर वर्षी दिसणारेच पन्नास-साठ चेहरे होते आणि सभा संपल्यावर चहाचे कप हातात घेऊन प्रत्येक जण आपापल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, घोळक्यात जाऊन उभा राहिला.

नगर जिल्ह्यात ऐक्याचा हा प्रश्न पुस्तकी नाही. येथे १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले, पुढे एसपीजी हे इंग्लंडचे मिशन आले आणि त्यानंतर जर्मन जेझुइट, म्हणजे रोमन कॅथलिक, फादर आले. त्यामुळे एकाच वाड्यात एक भाऊ अमेरिकन मिशनचा, दुसरा एसपीजीचा आणि सोयरे रोमन, असे चित्र गावोगाव तयार झाले. यातले काहीही आमच्या पूर्वजांनी धर्मशास्त्र पडताळून ठरवलेले नव्हते. गावात ज्या मिशनची शाळा आधी निघाली किंवा दुष्काळात ज्या मिशनचा आधार मिळाला, ती मंडळी आपली, इतका साधा हिशेब होता. माझी आजी एसपीजीची आणि आजोबा अमेरिकन मिशनचे. लग्नानंतर आजी आजोबांच्या मंडळीत आली, परंतु माहेरचे छापील प्रार्थनापुस्तक तिने ट्रंकेत अखेरपर्यंत जपले, आणि आजोबांची पुस्तकाशिवाय, मनाने केलेली प्रार्थना फारच लांबली की ती मध्येच मोठ्याने ‘आमेन’ म्हणत असे.

हे जुने भेद मिटवण्याचा प्रामाणिक प्रयत्न आपल्या वडीलधाऱ्यांनी केला, हे विसरून चालणार नाही. दक्षिणेत १९४७ साली चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. उत्तरेकडच्या मंडळ्यांची बोलणी १९२९ पासून चालू होती आणि अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपण ज्याला सीएनआय म्हणतो ते, अस्तित्वात आले. चार दशके कशात गेली, असे तरुण विचारतात. बिशप असावेत की नसावेत, बाळांना बाप्तिस्मा द्यावा की जाणत्या वयात विश्वास कबूल केल्यावरच द्यावा, अशा प्रश्नांवर पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या राहिलेल्या लोकांना एका छपराखाली आणायचे होते. बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती मान्य करून त्यांनी जो मार्ग काढला, त्यातली सोशिकता मला आजही मोठी वाटते. अमेरिकन मिशनच्या आणि एसपीजीच्या मंडळ्या त्या दिवसापासून एकाच नावाखाली आल्या.

नाव एक झाले, घटना एक झाली. मालमत्तेचे वाद मात्र कोर्टात गेले. त्या सहांपैकी एक असलेल्या ब्रदरन मंडळीच्या गुजरातमधील मालमत्तेचा खटला तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचून २०१३ साली त्याचा निकाल लागला. आमच्या भागात कोर्टकचेरीची गोष्ट बाजूला ठेवली, तरी अर्धशतक उलटल्यावरही सोयरिकीची बोलणी करताना ‘ते मूळचे एसपीजीवाले’ असे सहज बोलले जाते. वर झालेला करार खाली वाड्यापर्यंत उतरवण्याचे काम कोणाचे, हे तेव्हा ठरले नाही आणि आजही ठरलेले नाही.

तीन वर्षांपूर्वी माझी आत्या वारली. शेवटचे सहा महिने ती अंथरुणाला खिळून होती आणि शेजारच्या दुसऱ्या मंडळीचे पाळक दर आठवड्याला सायकलवरून येऊन तिच्या उशाशी बसत, शास्त्रवाचन करत, प्रार्थना करत. अंत्यविधीच्या वेळी मात्र नोंदवहीत तिचे नाव ज्या मंडळीत होते, तिच्या कमिटीने विधी फक्त आपलेच पाळक चालवतील असे सांगितले. नियमाला धरून ते बरोबर असेल. मूठमाती देताना ते सायकलवाले पाळक रांगेत शेवटी, टोपी काढून उभे होते. त्यांना एक प्रार्थनाही करू दिली गेली नाही. माझ्या मुलाने त्या रात्री विचारलेल्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि त्यानंतर तो मंडळीत फारसा येत नाही. उपासनेतली हजेरी रोडावते याचा दोष आपण मोबाइलवर आणि पुण्या-चाकणच्या नोकऱ्यांवर टाकतो, तो अगदीच खोटा नाही. परंतु घरात राहिलेली मुले का येत नाहीत, हेही कधीतरी विचारले पाहिजे.

मंडळीचे नूतनीकरण म्हटले की आमच्याकडे पहिली सभा छताच्या पत्र्यांसाठी आणि दुसरी नव्या ध्वनिक्षेपकासाठी भरते. पत्रे बदलायलाच हवेत, पावसाळ्यात वेदीपुढे बादली ठेवावी लागते. तथापि मंडळीत पुन्हा जीव येताना मी प्रत्यक्ष पाहिला आहे तो वेगळ्या ठिकाणी. गेल्या वर्षभर आमच्या गल्लीत दर गुरुवारी रात्री आळीपाळीने एकेका घरी प्रार्थना होते. सुरुवात चार बायकांनी केली, त्यात दोन आमच्या मंडळीच्या, एक मेथडिस्ट पंथाची आणि एक रोमन. एक जुनी पेटी आहे, तिच्या भात्याला रबरी ट्यूबचे ठिगळ लावले आहे आणि काळी दोनची पट्टी दाबली की वरच येत नाही. तरीही ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग सुरू झाले की कोणाला पुस्तक उघडावे लागत नाही. टिळक काही वर्षे आमच्या राहुरीत राहिले होते, आणि १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला तेव्हा त्यात बाप्तिस्मा झालेल्यांबरोबर न झालेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली होती. आम्ही तर सगळे बाप्तिस्मा झालेले आहोत! या बैठकीतूनच आजाऱ्यांना कोणी भेटायचे, दहावीच्या मुलांना गणित कोणी शिकवायचे, हे ठरू लागले आणि रविवारी न फिरकणारे दोघे-तिघे तरुण गुरुवारी ढोलकी घेऊन येऊ लागले.

प्रभुभोजनाच्या मेजावर प्रॉटेस्टंट आणि रोमन आज एकत्र येऊ शकत नाहीत, हे मला ठाऊक आहे, आणि त्या प्रश्नाचा निकाल माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाने लावायचा नाही. परंतु हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, रोमन यात्रेत आमच्यातले किती जण गुपचूप जाऊन येतात, हेही सर्वांना ठाऊक आहे. जे लोक आपण होऊन करतात, ते उजळ माथ्याने करू देण्यासाठी कोणत्याही सिनडच्या, म्हणजे मंडळीच्या वरिष्ठ सभेच्या, ठरावाची गरज नसावी. आजाऱ्याची सेवा ज्याने केली त्याला कबरीपाशी चार शब्द बोलू द्यावेत, एवढे तर स्थानिक कमिट्या आपसात बसून ठरवू शकतात.

ऐक्य सप्ताहाच्या आयोजकांना माझी एक विनंती आहे. गावचे कबरस्थान सर्वांचे एकच आहे, मात्र पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, पहाटेची उपासना तेथे तीन वेगवेगळ्या वेळी होते. एक मंडळी बाहेर पडेपर्यंत दुसरी मेणबत्त्या घेऊन फाटकाबाहेर थांबते. यंदा ती एकाच वेळी करावी. आमच्या गुरुवारच्या बैठकीत सर्वांची तयारी आहे, दोन पाळकांनी होकारही दिला आहे. ठिगळाची पेटी आम्ही आणू.

आपला,
मंडळीचा एक सभासद
राहुरी तालुका, जि. अहिल्यानगर