उद्यमनगरातल्या अण्णांना, एका जुन्या सिंथच्या वतीनं

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे, पण चारचौघांनी वाचावं म्हणून उघडंच ठेवतोय. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत ऑर्केस्ट्रावाल्यांच्या माळ्यांवर कितीतरी जुने सिंथ, म्हणजे विजेवर सूर तयार करणारे सिंथेसायझर कीबोर्ड, धूळ खात पडलेत. ते दाखवायचे कुणाला, हेच कुणाला ठाऊक नसतं. कारखान्यातल्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशिनचे कंट्रोल दुरुस्त करणाऱ्या माणसाकडं शिवाजी उद्यमनगरात न्यावेत, हे तर माझ्या सात पिढ्यांना सुचलं नसतं. मेव्हण्यानं तुमच्या दारात आणून सोडलं म्हणून जमलं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. आमच्या मामांच्या ऑर्केस्ट्रातला हा कॉर्ग पॉलिसिक्स, १९८१ सालचं मॉडेल. पूर्ण अ‍ॅनालॉग आवाज, एका वेळी सहा सूर. त्याला मिडीचं (वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांना सुरांचे निरोप पाठवतात त्या पद्धतीचं) सॉकेट नाही, कारण तेव्हा मिडीच नव्हतं. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका केबलनं जोडून दाखवले, तिथून दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलायला लागली. मला राज्य नाट्य स्पर्धेतल्या आमच्या नाटकाचं पार्श्वसंगीत लॅपटॉपवरून याच सिंथवर वाजवायचं होतं, म्हणून बाहेरगावच्या एका वर्कशॉपमधून मिडीचं किट बसवून आणलं. हे किट पट्ट्यांच्या मॅट्रिक्सच्या (कुठली पट्टी दाबली ते कळवणाऱ्या जाळीच्या) तारांवर बसतं आणि लॅपटॉपकडून सूर आला की पट्टी दाबल्याचं सोंग करतं. आतल्या बिचाऱ्या प्रोसेसरला वाटतं, माणूसच वाजवतोय.

सुरुवातीला सगळं झकास चालायचं. मशीन तापलं की मात्र लॅपटॉपवरून वाजवताना सूर अडकायला लागायचे. लॅपटॉपवरचा सूर संपलेला असायचा आणि सिंथवर चालूच. कधी भलताच सूर लागायचा, कधी लागायचाच नाही. एकेक सूर पाठवला तर बरं, कॉर्ड, म्हणजे एकदम तीन-चार सूर, पाठवला की हमखास गोंधळ. ज्यांना विचारलं त्यांनी एकच सांगितलं, किट गेलंय, नवीन घाल. एकानं तर सिंथच विकायला काढ म्हटलं. (घ्यायला तोच तयार होता, हे वेगळं.)

तुम्ही मात्र झाकण उघडायच्या आधी विचारलंत, ‘‘बंद काय हाय ते ऱ्हाऊ दे. चालू काय काय हाय, ते सांग पहिलं.’’ आभार मानायचेत ते सगळ्यात आधी या प्रश्नाचे. पट्ट्यांवरून वाजवलं की सिंथ तासन्‌तास नीट वाजतो, हे मी सांगितलं आणि तुम्ही पॉवर सप्लाय, प्रोसेसर, आवाजाचे सहाही भाग बाजूला ठेवलेत. उरलं फक्त सॉकेटपासून किटपर्यंतचं टीचभर अंतर.

मग तुम्ही मिडीच्या सॉकेटचं सर्किट कागदावर काढायला सांगितलंत आणि बघून हसलात. ‘‘आरं, हा तर करंट लूप! आमच्या जुन्या मशिनला वीस मिलीअँपिअरचा असायचा, ह्यो पाचाचा हाय.’’ ज्या गोष्टीला मी इतके दिवस संगीतातलं काहीतरी गूढ समजत होतो, ती तुमच्या ओळखीतली निघाली. करंट वाहिला की शून्य, थांबला की एक. येणाऱ्या तारेतला करंट ऑप्टोकपलरमधला एलईडी पेटवतो, पलीकडचा ट्रान्झिस्टर तो उजेड बघतो, आणि दोन यंत्रांच्या मध्ये विजेचा संबंधच राहत नाही. मोटारींच्या गदारोळात कंट्रोल वाचवायला तुम्ही हेच वापरत आलात.

तुमचा स्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) त्या ऑप्टोकपलरच्या, म्हणजे ६एन१३८ चिपच्या, सहा नंबरच्या पिनेवर लागला तो क्षण माझ्या कायम लक्षात राहील. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एका बिटाला ३२ मायक्रोसेकंद. थंड असताना चौकोनी, ताठ लाटा दिसत होत्या. तुम्ही हेअर ड्रायरनं बोर्ड गरम केलात आणि बघता बघता लाटांची एक बाजू ढासळायला लागली. सिग्नल खाली यायचा वेळेवर, पण वर जायला उशीर करायचा. ‘‘बघ की, कडा कशी लोळाल्या.’’ वाचणारा चिप बिटाच्या मधोमध डोकावतो. तोवर वर जायला हवा असलेला सिग्नल खालीच असेल, तर एकाचा शून्य होतो आणि अख्खा निरोप बदलतो.

कॉर्डलाच जास्त गोंधळ का, हे मी विचारलं तेव्हा आपण दोघांनी मिळून मिडीचा तक्ता वाचला. एक सूर लावायला तीन बाइट लागतात, साधारण एक मिलीसेकंद. पण माझा लॅपटॉप ‘रनिंग स्टेटस’ वापरतो, म्हणजे ‘सूर लाव’ हा हुकूम एकदाच देतो आणि पुढं नुसते आकडे पाठवतो. सौद्यात मालाचं नाव एकदा पुकारलं की पुढं फक्त भावच ऐकू येतात, तसंच हे, असं तुम्ही म्हणालात. ते पहिलं नावच चुकीचं ऐकू आलं, तर मागचे सगळे आकडे वाया. सूर बंद करायचा निरोपही त्यातच बुडायचा.

मी चिप बदलायला निघालो होतो. ‘‘चिपनं काय वाकडं केलंय तुझं?’’ असं म्हणून तुम्ही पेन्सिलीच्या मागच्या टोकानं बोर्डावर हलकेच टकटक करत गेलात. सात नंबरच्या पिनेवरून ग्राउंडला जाणाऱ्या रेझिस्टरपाशी लाट थरथरली. भिंगातून बघितलं तर किट बनवणाऱ्यानंच तिथं ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, सोडलेला. आतला ट्रान्झिस्टर बंद होताना त्याच्या बेसवरचा विजेचा साठा पटकन काढून घ्यायचं काम त्या रेझिस्टरचं. तापल्यावर जोड सुटायचा, साठा रेंगाळायचा आणि ट्रान्झिस्टर बंदच व्हायला आळस करायचा. तुम्ही जुनं कथील शोषून घेतलंत, फ्लक्स लावून नवा जोड दिलात, पुन्हा ड्रायर फिरवला. लाट ताठ.

गुणगुण मला सवयीची झाली होती, मी तिची तक्रारही केली नव्हती. लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून यायची, ती तुम्हीच ऐकलीत. मिडी इनच्या सॉकेटची दोन नंबरची पिन वर्कशॉपवाल्यांनी बॉडीला जोडलेली होती. शील्ड (केबलमधलं धातूचं आवरण) पाठवणाऱ्या बाजूलाच ग्राउंड करायचं आणि घेणाऱ्या बाजूला मोकळं सोडायचं, असा मिडीचा नियम आहे. नाहीतर ऑप्टोकपलरनं जे तोडलं ते त्या तारेनं पुन्हा जोडलं जातं. एक कट मारलात, गुणगुण गेली.

आणि बॅटरी! खरं तर सगळ्यात मोठे उपकार हेच असतील. पॉलिसिक्समध्ये आवाज लक्षात ठेवायला प्रोसेसरच्या बोर्डावरच निकेल-कॅडमियम बॅटरी असते, आणि ती फुटून बोर्ड खाणं हे या मॉडेलचं जुनं दुखणं. आमच्यातलीही पाझरायला लागली होती. कोल्हापूरचा पावसाळा त्यात भर घालतोच. तुम्ही ती काढलीत, आतला द्रव क्षारधर्मी म्हणून व्हिनेगर लावलंत, मग आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) धुतलंत आणि जागी बटणाचा लिथियम सेल बसवलात. या सेलला चार्जिंग चालत नाही म्हणून मध्ये डायोड घातलात. हे काम मी सांगितलेलंच नव्हतं. आणखी काही पावसाळे गेले असते तर बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक कुजून पट्ट्यांच्या रांगाच्या रांगा मुक्या झाल्या असत्या, आणि मग तुम्हीही काही करू शकला नसता. ज्यांच्याकडं हा सिंथ आहे त्यांनी निदान झाकण उघडून एवढं तरी बघावं.

तुम्ही बिल रीतसर दिलंत तेही आवडलं. त्यावर ‘इलेक्ट्रिक पेटी रिपेअर’ असं लिहिलंय. पेटीवाल्या माझ्या सगळ्या मित्रांना ते दाखवून झालंय.

तालमीत दोन्ही अंक सलग वाजवले, एकही सूर अडकला नाही. तिकिटं मेव्हण्याकडं देऊन ठेवतो, काकूंनाही घेऊन या. फक्त इफेक्टचा स्पीडचा नॉब फिरवला की खरखर येते, तेवढी राहिलीये. प्रयोग झाला की पेटी घेऊन येतो.

तुमचा,
पेटीवाला