मागच्या खोलीतली वायर

सांगली, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज आला तेव्हा मी शिडीवर होतो, फॉल्स सीलिंगमध्ये डोकं घालून, म्हणून नुसतं "रात्री बोलतो" एवढंच टाकलं. पण हे फोनवर सांगून होणारं नाही म्हणून नीट लिहितोय. तू म्हणतोस की इचलकरंजीच्या ऑफिसात दुपारनंतर सगळं अडकतं, बिल काढायला गेलं की स्क्रीन पांढरी पडते, आणि आता नेटवाल्याला सांगून प्लॅन डबल करणार आहेस. थांब लेका. चार दिवस थांब आणि आधी हे वाच, कारण गेल्या आठवड्यात मी ज्या कामात होतो ते अगदी असंच होतं आणि तिथं प्लॅन आधीच दोनदा वाढवून झाला होता, फरक शून्य.

इथल्या एका सीए साहेबांचं ऑफिस आहे, चौदा मशीन, एका मशीनवर टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा शेअर केलेला, बाकी सगळे त्याच्यावर काम करतात. जीएसटी रिटर्न भरायची २० तारीख जवळ आलेली आणि सगळ्यांचं एकच, नेट स्लो आहे. साहेबांनी मला स्पीड टेस्ट काढून दाखवली, १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर ९४ येत होतं, याहून चांगलं काय यायचं! मी म्हटलं साहेब, टॅलीचा डेटा तर या शेजारच्या खोलीत आहे, तो बाहेर रस्त्यावर जातच नाही, मग बाहेरचा प्लॅन वाढवून आतलं काम कसं पळेल?

हीच गोष्ट तुलाही सांगायचीय, कारण सगळे इथंच फसतात. वेग वेगळा आणि उत्तर यायला लागणारा वेळ वेगळा. ट्रॅक्टरला दोनाच्या जागी चार ट्रॉल्या लावल्या तर ऊस जास्त जाईल, पण कारखान्यापर्यंतची एक खेप त्यामुळे लवकर होत नाही. आणि टॅलीसारखं सॉफ्टवेअर ट्रॉली भरून मागतच नाही रे, ते एक मोळी मागतं, ती आली की दुसरी मागतं, एक लेजर, म्हणजे एक खातं, उघडायला अशा हजार मोळ्या लागल्या आणि प्रत्येकीला १ मिलिसेकंद लागला तर सगळं मिळून १ सेकंद, पण प्रत्येकीला ३० लागले तर अर्धा मिनिट माणूस स्क्रीनकडे बघत बसतो. लाइनचा वेग दोन्ही वेळेला तोच.

मग मी मशीनला हात लावायच्या आधी वही घेतली आणि टेबलाटेबलावर जाऊन विचारलं, तुमचं नेमकं काय स्लो आहे, कधी होतं, रोज होतं का. अर्धा तास गेला पण कळलं की "नेट स्लो" या एका तक्रारीत दोन वेगळे आजार आहेत.

पहिला चार मशीनचा. त्यांचं टॅली चांगलं चालायचं पण पोर्टल, बँक, कुठलीही साईट पहिल्यांदा उघडताना रेंगाळायची आणि एकदा उघडली की पळायची. अशी सुरुवातीलाच अडखळ दिसली की मी पहिल्यांदा डीएनएस बघतो. नाव टाकलं की त्याचा नंबर शोधून देणारा तो सर्व्हर. या चार मशीनवर कुणीतरी कधीकाळी तो हाताने टाकून ठेवलेला, तोही जुन्या नेट कंपनीचा, कंपनी बदलली पण हे आकडे तसेच राहिले. तो जुना सर्व्हर आता बाहेरच्यांना उत्तर देत नाही, विंडोज त्याला विचारून साधारण सेकंदभर वाट बघतं आणि मग दुसऱ्याला विचारतं. एक सेकंद म्हणजे काही नाही असं वाटेल, पण एक पान आठ-दहा वेगवेगळ्या ठिकाणाहून सामान गोळा करतं, तेव्हा ते साचत जातं. ऑटोमॅटिक केलं, दहा मिनिटांत ते काम संपलं.

दुसरा आजार एकाच मशीनचा होता आणि तोच मला मनाला लागला. मागच्या खोलीत एक ताई बसतात, व्हाउचर एन्ट्रीचं काम. रिनोव्हेशन झालं तेव्हा त्यांना तिकडं हलवलं, आणि तेव्हापासून त्या "स्लो" झाल्या. बाकीचे सहाला निघतात, त्या आठपर्यंत बसायच्या, घरी लहान मुलगा. मशीन बदलून झालं, रॅम वाढवून झाली, तरी तेच, मग सगळ्यांनी हळूहळू धरूनच चाललं की ताईंचाच हात बसत नाही. त्यांनीही तसंच धरलं होतं, मला म्हणाल्या, "दादा, माझंच कुठंतरी चुकत असेल."

मी त्यांच्या मशीनवरून डेटाच्या मशीनला पिंग मारला, म्हणजे डेटाचं छोटं पाकीट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघितलं. सगळं १ मिलिसेकंदाच्या आत, एकही हरवलं नाही. इथं सोडून दिलं असतं तर संपलंच होतं. पण साधा पिंग ३२ बाईटचं चिमुकलं पाकीट पाठवतो, म्हणून मी १४०० बाईटचं पाकीट दिलं आणि २०० वेळा सोडलं. ११ हरवली. शेजारच्या टेबलावरून तेच केलं तर एकही नाही. पाकीट हरवलं की पाठवणारा वाट बघतो, मग परत पाठवतो, आणि जिथं १ मिलिसेकंदात काम व्हायचं तिथं काही शे मिलिसेकंद नुसते वाट बघण्यात जातात, दिवसभर, प्रत्येक एन्ट्रीला.

सगळ्या वायरी जिथं येऊन जोडतात त्या स्विचचा पोर्ट बदलला, तेच. त्यांचं मशीन उचलून पुढच्या टेबलावर लावलं, तिथं ठणठणीत. म्हणजे मशीन बरं, ताई बऱ्या, आजार वायरीत. वायर तपासायचा लॅन टेस्टर लावला तर एक ते आठ सगळे दिवे क्रमाने लागले, पास! टेस्टर पास म्हणतोय म्हणून आधी येऊन गेलेल्या दोघांनी वायर सोडून दिली होती. मी वायरीच्या टोकाचा जॅक उघडला आणि आतल्या आठ तारांचे रंग बघितले.

तुला आठवतं का रे, आपण कॉलेजला असताना हा क्रम पाठ केलेला? पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. हिरवी जोडी फोडून मधे निळी घालतात, कारण मधले दोन पिन जुन्या टेलिफोनच्या जोडीला जुळावेत म्हणून ठेवलेले. इथं जॅक बसवणाऱ्याने जोड्या सरळ शेजारी शेजारी लावल्या होत्या, नारंगी, हिरवी, निळी, चॉकलेटी, आणि दोन्ही टोकाला तश्शाच. त्यामुळे एक नंबर एकलाच पोचतो, दोन दोनला, टेस्टरला एवढंच कळतं. पण तीन आणि सहा नंबरने मिळून एक सिग्नल न्यायचा असतो, आणि ते दोघे एकमेकांना पीळ घातलेले असले तर बाहेरचा त्रास दोघांवर सारखा येतो आणि कटून जातो. इथं एक तार हिरव्या पिळातली आणि एक निळ्या पिळातली, कटणार काय? दोन-तीन मीटरच्या तुकड्यात हे चालून जातं, ही ३५ मीटर होती, ट्यूबलाइटच्या लाइनला चिकटून गेलेली.

दोन्ही टोकं कापली, नवीन जॅक मारले, वायर लाइटपासून लांब घेतली. २०० पैकी २०० पोचली. लेजर उघडायला ४० सेकंद लागायचे तिथं तीनच लागले, ताईंनी दोनदा बंद करून परत उघडून बघितलं. मी साहेबांना बाजूला घेऊन म्हटलं, हे तुम्ही सगळ्यांसमोर त्यांना सांगा, आणि साहेबांनी खरंच सांगितलं. ताईंनी तो कापलेला जॅक माझ्याकडून मागून घेतला आणि पर्समध्ये ठेवला.

आता तुझं. दुपारनंतरच होतं म्हणजे वायरीपेक्षा मला अपलोडचा संशय येतोय, कॅमेऱ्याचं बॅकअप किंवा कुणाच्या मोबाईलचे फोटो वर चढत असतील तर राउटरमध्ये रांग लागते आणि सगळ्यांचं उत्तर तिच्यामागं अडकतं. उद्या अडकेल तेव्हा कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघड, एकीतून राउटरला पिंग मार, दुसरीतून बाहेर गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला. राउटर १-२ मिलिसेकंदावर आणि बाहेरचं ५००-६०० वर गेलं तर तेच समज, एकेक करून कॅमेरा, बॅकअप बंद करून बघ. राउटरचाच आकडा उड्या मारत असेल तर दोष घरातच आहे, मग कोणाच्या टेबलावरून उड्या मारतो ते लिहून ठेव, आणि वायरवर असताना बघ, वायफायवर नको. आणि तुझं बिलिंग नेटवरून चालतं की आतल्या मशीनवर तेही कळव. हो, आणि बिलाच्या टेबलावर बसणाऱ्या पोराला आत्ताच काही बोलू नकोस.

आकडे पाठव, मी गुरुवारी मोकळा आहे, एसटीने येतो, टेस्टर आणि जॅकची पिशवी घेऊनच. काकूंना नमस्कार सांग, वहिनींना म्हणावं जेवायला साधंच करा.

तुझाच,
सांगलीकर