तिस्कावरच्या काकांना, सगळ्यांदेखत

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

फोंड्याच्या तिस्क नाक्यावरचं तुमचं हिशेबाचं ऑफिस बंद झाल्याचं कळलं, तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि चहा सांगता, म्हणून चारचौघांत लिहिते आहे. दुसरंही एक कारण आहे. स्वतःच्या चाली बांधणारी, पाठीशी कुठलीही कंपनी नसताना गाणारी मुलं-मुली गोव्यात आज पुष्कळ आहेत. गळा तयार, रियाझ पक्का, पण पैशांचा विषय निघाला की मान खाली जाते. प्रत्येकाला तुमच्यासारखं माणूस भेटेलच असं नाही. तुम्ही मला काय दिलंत ते निदान त्यांना वाचायला मिळावं.

तुम्ही गाण्याच्या धंद्यातले नव्हे. दुकानदारांचे, बसवाल्यांचे, खाणीवरच्या ट्रकवाल्यांचे हिशेब तुम्ही आयुष्यभर पाहिलेत. बाबांच्या ओळखीने मी जिना चढून आले ती नुसता आयकर भरायचा म्हणून. तुम्ही चष्म्यावरून बघून विचारलंत, "बाय, कागद खंय?" (कागद कुठे?) आमच्यात कागद नसतो, हे तुम्हाला खरंच वाटेना. सुपारी फोनवर ठरते, बिदागी पाकिटातून येते, कधी नारळ-शालीवर भागतं, आणि साथीदारांचं त्याच पाकिटातून तिथल्या तिथे चुकतं करायचं. तुम्ही वही उघडलीत आणि माझ्या कामाचे दोन भाग केलेत. देवळातल्या उत्सवाला, भजनी सप्ताहाला गायचं ते मनापासून गा, तिथे जे मिळेल त्याचा हट्ट नको. हॉटेलात, लग्नात, कंपनीच्या समारंभात गायलीस तर बिल दे, तारीख घाल, क्रमांक घाल. ही वाटणी तुम्ही केलीत म्हणून मला दोन्हीकडे मोकळेपणाने गाता आलं. कुठे सेवा आणि कुठे व्यवसाय हे एकदा ठरलं की मंगेशीच्या मंडपात गाताना हॉटेलचा दर मनात येत नाही, आणि कांदोळीच्या हॉटेलात दर सांगताना जीभ अडखळत नाही.

त्या पहिल्याच हंगामात एका हॉटेलने माझ्या मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला होता. पैसे गेले ते गेले, असं मी धरून चालले होते. तुम्ही संगणकावर माझा फॉर्म २६एएस, म्हणजे माझ्या नावावर कापलेल्या कराचा सरकारी तक्ता, उघडलात. त्यात त्या हॉटेलची नोंदच नव्हती. दुसरा कोणी म्हणाला असता, जाऊ दे, थोडक्यासाठी कशाला. तुम्ही तिथल्या हिशेबनीसाला फोन लावलात, अगदी गोड आवाजात कापलेल्या कराचं प्रमाणपत्र मागवून घेतलंत, आणि ते आल्यावर माझ्या पॅन कार्डाशेजारी ठेवून एकेक अक्षर बोटाने ताडून पाहिलंत. एक अक्षर चुकलं होतं. माझा कर दुसऱ्याच कुणाच्या तरी खात्यावर जमा होत होता. त्यांनी दुरुस्ती केली, आणि पुढे परतावा माझ्या बँकेत आला. रक्कम मोठी नव्हती. पण सरकारी तक्त्यात माझ्या गाण्याची कमाई माझ्या नावापुढे उमटलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. गाणं हा माझा व्यवसाय आहे, हे मला कुठल्याही टाळ्यांपेक्षा त्या तक्त्याने जास्त ठामपणे सांगितलं.

जीएसटीच्या वेळीही तसंच. एका आयोजकाने नोंदणी क्रमांक नसेल तर कार्यक्रमच नको म्हणून अडवलं. तुम्ही नियम छापून हातात दिलात: सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर गोव्यात नोंदणीची सक्ती नाही, शिवाय कलाकाराने शास्त्रीय किंवा लोककलेच्या प्रकारात स्वतः सादर केलेल्या कार्यक्रमाला, मानधन दीड लाखांपर्यंत असेल तर, करातून सूट आहे. आणि लगेच बजावलंत की हॉटेलात सिनेमाची गाणी म्हणायची आणि सूट शास्त्रीय गायनाची मागायची, हे चालायचं नाही. तुमचा हा काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटतो. नियम माझ्या बाजूने असो वा नसो, तुम्ही तो सारख्याच आवाजात वाचून दाखवलात.

आता कराराबद्दल. त्याबद्दल कितीही लिहिलं तरी मला पुरेसं वाटणार नाही.

संतांच्या अभंगांना मी लावलेल्या चाली एका संगीत कंपनीला आवडल्या आणि त्यांनी इंग्रजीत छापलेला करार पाठवला. एकरकमी पंचवीस हजार रुपये, आणि बदल्यात सगळे हक्क: कायमचे, जगभरचे, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या प्रत्येक माध्यमातले. घरी सगळे खूश होते. तुम्ही म्हणालात, चार दिवस सही करू नकोस. त्या चार दिवसांत तुम्ही १९५७ चा कॉपीराइट कायदा मागवून घेतलात आणि मी आले तेव्हा त्याच्या समासात शिसपेनीच्या खुणा होत्या. ज्या कायद्याशी तुमचा आयुष्यात संबंध आला नव्हता, तो तुम्ही माझ्यासाठी बसून वाचलात. काका, हे मी विसरणं शक्य नाही.

कलम १९ तुम्ही मला मोठ्याने वाचायला लावलंत. हक्क दिल्याचं लेखी आणि सहीनिशी हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास, तो आपोआप सुटतो. मी आनंदले, तर तुम्ही थांबवलंत: "हे सगळं करार गप्प असेल तर. इथे त्यांनी कायमचं आणि जगभर असं स्पष्ट लिहिलंय. लिहिलेल्यावर सही केलीस तर हे कलम तुझ्या मदतीला येणार नाही." मग कलम १८ काढलंत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला समान वाटा सोडून देताच येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला, तेवढा तो देता येतो. कंपनीने लिहून घेतलं तरीही तो हक्क राहतोच. हे मला संगीताच्या कुठल्याही वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग तो भाटाचा, म्हणजे नारळाच्या बागेचा, दाखला. चाल म्हणजे भाट आणि ध्वनिमुद्रण म्हणजे त्या भाटातलं एका वर्षाचं पीक, असं तुम्ही म्हणालात. नारळ विक, हवं तर पाच वर्षं खंडाने दे, पण एका पाडणीच्या पैशात कुणी भाट लिहून मागत असेल तर उठून ये. माझ्या डोक्यात तोवर चाल आणि ध्वनिमुद्रण ही एकच वस्तू होती. शब्द तुकोबांचे, ते सगळ्यांचे, चाल माझी, स्टुडिओत झालेलं मुद्रण ज्याने पैसे घालून केलं त्याचं. तीन गोष्टी, तीन धनी. चालीवरचा माझा हक्क मी असेपर्यंत आणि माझ्यानंतर साठ वर्षं, म्हणजे माझ्या मुलीपर्यंत नक्की पोचणारा. तो पंचवीस हजारांत द्यायचा का, एवढाच प्रश्न मग उरला होता.

कंपनीने आधी "सगळे करतात सही" असं सांगून पाहिलं. तुम्ही उत्तराचा मसुदा दिलात, त्यात एकही कडक शब्द नव्हता. चाली माझ्याकडेच राहतील, मुद्रण वापरायची परवानगी पाच वर्षांची, आणि दर सहा महिन्यांनी हिशेब. थोड्या ओढाताणीनंतर त्यांनी मानलं. एकरकमी पैसे कमी झाले. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

त्या संध्याकाळी तुम्ही जुन्या हिंदी गाण्यांबद्दल बोललात ते अजून कानात आहे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतल्या व्हायोलिनच्या ओळी लिहिणारे सेबेस्टियन डिसोझा, आर. डी. बर्मन आणि प्यारेलाल यांना शिकवणारे अँथनी गोन्साल्विस, आणि त्यांच्यासोबत बसणारे कितीतरी वादक हे आपल्या गोव्यातून मुंबईला गेलेले. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली ही माणसं. त्यांना पैसे मिळाले ते रेकॉर्डिंगच्या सत्राचे. गाणी आजही वाजतात, त्यातून त्यांच्या घरी काही येत नाही. हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. एरवी आकड्यांवरही न रागावणारे तुम्ही, त्या गोष्टीवर रागावलात.

म्हणून असेल, पुढची गोष्ट तुम्ही माझ्याकडून करवून घेतलीत. माझ्या हक्कांसाठी भांडून झाल्यावर विचारलंत, "तबलजीचं काय?" वादकालाही कायद्याने कलाकार म्हणून हक्क आहेत, आणि मुद्रणाचा व्यावसायिक वापर झाला तर त्याचाही वाटा असतो, हे मला तुम्ही दाखवलंत. तेव्हापासून स्टुडिओत सूर जुळवायच्या आधी आम्ही एक कागद करतो, मराठीत: चाल कुणाची, कोण गातंय, तबला-पखवाज-बासरी कुणाची, आजचं मानधन किती, पुढे आलं तर कुणाला किती टक्के. खाली सगळ्यांच्या सह्या. आधी थोडं अवघडल्यासारखं झालं, माझे पखवाजवाले तर म्हणाले की आपल्यात कागद कशाला. आता तेच सगळ्यात आधी पेन काढतात.

सोसायट्यांचं सगळं तुम्ही सरळ करून दिलंत. संगीतकार म्हणून आयपीआरएस या सोसायटीत, गायिका म्हणून गायकांच्या इस्रामध्ये (आताची इसाम्रा), आणि प्रत्येक मुद्रणाला स्वतःचा बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, आयएसआरसी. नोंद केल्याशिवाय वाटा शोधत कुणी येत नाही, हे तुमचं म्हणणं. पैसे सावकाश येतात, थोडे येतात, पण येतात.

लग्नांच्या बाबतीत मी स्वतःच द्विधा होते. २०२४ च्या जानेवारीत गोवा सरकारचं परिपत्रक निघालं की लग्नसमारंभातल्या संगीतासाठी परवान्याचे पैसे मागू नयेत. हॉटेलात गाणारी म्हणून मला बरं वाटलं, चाली बांधणारी म्हणून वाटेना. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं, आणि तुम्ही मला बसवून समजावलंत की धार्मिक विधींची आणि लग्नाशी जोडलेल्या सोहळ्यांची सवलत कायद्यातच आहे, ती किती हे कायद्याने ठरवायचं, परिपत्रकाने ती वाढवता येत नाही. दोन्ही बाजूंनी गाणाऱ्या माणसाला इतकं स्वच्छ सांगणारं मला दुसरं कुणी भेटलं नाही.

हंगामाचा हिशेबही तुमचाच. ऑक्टोबर ते मार्च किनाऱ्यावरची हॉटेलं भरलेली, आणि जूनपासून सगळं ठप्प. श्रावणातली भजनं आणि चवथ येईपर्यंत हातात काही नसतं. हंगामात आलेल्या प्रत्येक रकमेचा चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकायची सवय तुम्ही लावलीत, १५ मार्चच्या आगाऊ कराची रक्कमही त्यातच. पावसाळ्यात आता मी चाली बांधते. पूर्वी त्याच दिवसांत मिळेल त्या कामामागे धावावं लागायचं. नव्या अभंगांतले बरेचसे त्या मोकळ्या पावसाळ्यांत झालेत, आणि म्हणून त्यांत तुमचा हात आहे असं मी मानते.

फी तुम्ही माझ्याकडून कधी घेतली नाहीत. विचारलं की म्हणायचात, एकदा भैरवी ऐकव. ती तुम्हाला ऐकवलीही आहे, पण त्याने फिटण्यासारखं हे नाही.

एक विनंती आहे. साखळीकडच्या तीन मुलांचा एक चमू आहे, घुमट हे आपलं मातीचं वाद्य आणि गिटार घेऊन स्वतःची गाणी करतात, फार छान करतात. त्यांच्याकडे एका कंपनीचा करार आलाय. मी वाचला, पहिल्या दोन पानांवर खुणाही केल्या, पण सातव्या कलमात भावी गाण्यांबद्दल जे लिहिलंय ते मला नीट लागत नाही. ऑफिस बंद केलंत, पण रविवारी सकाळी घरी असालच. त्यांना घेऊन येते. करार आधी वाचायचा असेल तर शनिवारी संध्याकाळी प्रत पाठवते. मुलांना मी सांगून ठेवलंय की चार दिवस सही करायची नाही.

काकींना नमस्कार.

तुमची,
फोंड्याची गायिका