खरेदी न करता बसता येईल अशी जागा

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सुटी मिळाली की लोक मॉलची वाट धरतात; वाचन, खेळ, गाठीभेटी सारे मागे पडले, अशी तक्रार सध्या वारंवार कानी पडते. तक्रारीचा रोख बहुधा लोकांच्या आवडीनिवडीवर असतो. माझ्या मते दोष आवडीचा नसून जागेचा आहे. ऊनपावसात आडोसा, वापरण्याजोगे स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, पुरेसा उजेड आणि रात्री उशिरापर्यंत उघडे दार, एवढे सगळे एका ठिकाणी देणारी जागा बहुतेक शहरांत एकच असते आणि ती विक्रीसाठी बांधलेली असते. माणसे तिथे जातात यात नवल नाही.

फुरसत ही चैन नव्हे. आठ तासांच्या कामासाठी कामगारांच्या कित्येक पिढ्या झगडल्या. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या पहिल्याच करारात उद्योगांसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, तर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील २४ व्या कलमाने विश्रांती आणि फुरसत यांना हक्काचा दर्जा दिला. मिळालेला वेळ घालवायचा कुठे, हा प्रश्न मात्र बहुतांशी बाजारावर सोपवला गेला.

बाजाराने त्याचे उत्तर कसे दिले, हे पाहण्यासाठी मॉलच्या जन्माकडे जावे लागते. बंदिस्त मॉलचे जनक मानले जाणारे वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रूएन मूळचे व्हिएन्नाचे. नाझी राजवटीमुळे १९३८ मध्ये देश सोडून ते अमेरिकेत आले. व्हिएन्नाच्या चौकांत आणि कॉफीगृहांत माणसे जशी तासन्तास रेंगाळत, तशी जागा मोटारींवर विसंबलेल्या अमेरिकी उपनगरांनाही मिळावी, ही त्यांची तळमळ होती. १९५६ मध्ये मिनेसोटा राज्यातील इडायना येथे त्यांचे साउथडेल सेंटर सुरू झाले, तेव्हा त्याच्या मधोमध छताखालचे प्रशस्त अंगण होते, त्यात झाडे, माशांचे तळे आणि पक्ष्यांचा मोठा पिंजरा होता. मूळ योजनेत याच्याभोवती घरे, शाळा, दवाखाने, बाग आणि जलाशयही होते. दुकाने झाली, वाहनतळ झाले, बाकीचे बहुतेक कागदावरच राहिले, आणि जगभर नक्कल झाली ती या अर्ध्यामुर्ध्या योजनेची. पुढे व्हिएन्नाला परतलेल्या ग्रूएन यांनी १९७८ मध्ये अशा मॉलशी असलेले आपले नाते जाहीरपणे झिडकारले. गिऱ्हाइकाने भुलून, घ्यायला न आलेल्या वस्तूंकडेही वळावे, या विक्रीतंत्राला आज ‘ग्रूएन ट्रान्सफर’ म्हणतात. ज्या माणसाने माणसांना भेटण्यासाठी जागा मागितली, त्याचेच नाव या तंत्राला चिकटावे याचे मला फार वाईट वाटते.

मॉलमध्ये येणाऱ्यांना आपण सरसकट गिऱ्हाईक म्हणतो. प्रत्यक्षात हातात पिशवी नसलेली कितीतरी माणसे तिथे दिसतात. गुडघे दुखणारे वृद्ध सपाट फरशीवर पाय मोकळे करायला येतात. खिशात फारसे पैसे नसलेली मुले जिन्याच्या कठड्याला टेकून बोलत उभी असतात आणि घोळका जरा मोठा झाला की सुरक्षारक्षक त्यांना पुढे व्हायला सांगतो. घर सांभाळणाऱ्या बाईच्या फुरसतीला तर निमित्तच लागते. ‘जरा कुठेतरी बसून येते’ असे सांगून तिला बाहेर पडता येत नाही. ‘सामान आणायला जाते’ म्हटले की कोणी काही विचारत नाही. खरेदी हा कितीतरी जणींचा घराबाहेर पडण्याचा एकमेव परवाना आहे, हे लक्षात न घेता त्यांच्या ‘मॉलवेडा’ला नावे ठेवणे अन्यायाचे आहे.

तरीही मॉलमधला हा मुक्काम मालकाच्या मर्जीवरचा असतो. कॅलिफोर्नियातील प्रूनयार्ड या व्यापार संकुलात एका निवेदनावर सह्या गोळा करणाऱ्या शाळकरी मुलांना रक्षकाने थांबवले आणि ते प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८० मध्ये निकाल मुलांच्या बाजूने लागला खरा, पण त्या राज्याच्या घटनेचा आधार होता म्हणून. खासगी आवारात नागरिकाचे पाऊल किती डळमळीत असते, हे त्यातून कळते.

बसण्याची सोय ही क्षुल्लक बाब वाटते, पण सारे तिथेच अडते. न्यूयॉर्कमध्ये १९६१ च्या नियमांनुसार इमारतीपुढे चौक मोकळा सोडणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांना जादा बांधकाम करू दिले जाई. चौक सुटले, पण त्यांतले कितीतरी ओस पडले. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने कॅमेरे लावून, तासन्तास निरीक्षण करून याचे कारण शोधले. निष्कर्ष अगदी साधा निघाला: जिथे बसायची सोय असते, तिथे माणसे बसतात. सुटी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती थोडीशी तरी सरकवतो, मग ती होती तिथेच बरी का असेना, हेही त्यांनी टिपले. घटकाभरासाठी का होईना, जागा आपलीशी करून घेण्याची ही धडपड मला फार बोलकी वाटते. १९७५ मध्ये न्यूयॉर्कने चौकाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात बैठकव्यवस्था सक्तीची केली. म्हणजे असा नियम करता येतो.

आता सामाजिक केंद्रांविषयी. ‘केंद्रे आहेत, लोकच फिरकत नाहीत’ हे त्यांच्याबाबतचे ठरलेले उत्तर आहे. असे म्हणणाऱ्यांनी एकदा दारावरची पाटी वाचावी: सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, रविवारी बंद. नोकरदार कामावर आणि मुले शाळेत असतात नेमके त्याच वेळी केंद्र उघडे, आणि सगळ्यांना सवड मिळते तेव्हा दाराला कुलूप. किल्ली एकाच कर्मचाऱ्याकडे, तो रजेवर गेला की केंद्रही रजेवर. सभागृह हवे असेल तर संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज करा, अनामत भरा, मंजुरीची वाट पाहा. ज्याला सहज येऊन बुद्धिबळाचा डाव मांडायचा आहे, त्याने कोणत्या संस्थेच्या नावाने अर्ज करावा?

हे असेच चालायचे, असे मानण्याचे कारण नाही. ब्राझीलमध्ये १९४६ मध्ये स्थापन झालेली, कामगारांसाठी कला, खेळ आणि फुरसतीची केंद्रे चालवणारी ‘सेस्क’ ही संस्था मुख्यतः व्यापार आणि सेवा क्षेत्रातील मालकांच्या अंशदानावर चालते. वेतनखर्चाच्या दीड टक्का रक्कम त्यांनी भरायची असते. साओ पावलोमधल्या तिच्या पोंपेइया केंद्राची रचना लीना बो बार्दी यांनी केली. पिंप बनवणाऱ्या बंद कारखान्याची ती जागा होती. एका शनिवारी तिथे गेल्या असता पडक्या आवारात मुले खेळताना आणि कुटुंबे निवांत बसलेली त्यांनी पाहिली, आणि जे आधीच घडते आहे ते टिकवायचे असे ठरवून जुन्या शेड पाडल्या नाहीत. १९८२ मध्ये खुल्या झालेल्या या केंद्राच्या मोठ्या दालनात वळणावळणाचा जलाशय, शेकोटी आणि वाचनाची टेबले आहेत. हेलसिंकीचे २०१८ मध्ये उघडलेले ओदी ग्रंथालय संसदेसमोरच आहे. तिथे पुस्तकांच्या जोडीला शिवणयंत्रे आणि संगीताच्या खोल्या आहेत आणि शनिवार-रविवारीही ते उघडे असते.

म्हणून माझी सूचना अशी की, यापुढे कोणत्याही मोठ्या व्यापार संकुलाला जादा बांधकामाची सवलत देताना क्षेत्रफळाच्या प्रमाणात विनामूल्य बैठका, पाणी, स्वच्छतागृहे आणि निदान एक खुले दालन ही अट घालावी. दालनाचा कारभार संकुलाच्या मालकाकडे न देता सार्वजनिक संस्थेकडे ठेवावा, म्हणजे कोणाला किती वेळ बसू द्यायचे हे रक्षकाच्या मनावर राहणार नाही. व्यापाऱ्यांनी याला बोजा समजू नये. गर्दीवर त्यांचा व्यवसाय चालतो, तेव्हा त्या गर्दीच्या सोयीचा थोडा खर्च त्यांनी उचलणे रास्तच आहे.

नवी संकुले होतील तेव्हा होतील. आज असलेल्या सामाजिक केंद्रांची वेळ दुपारी दोन ते रात्री नऊ करावी, साप्ताहिक सुटी रविवारऐवजी मधल्या एखाद्या वारी द्यावी, किल्ली दोघांकडे ठेवावी आणि निदान एक खोली अर्जाविना खुली ठेवावी. कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास यात वाढत नाहीत, फक्त सरकतात. त्यासाठी नवी इमारत लागत नाही की नवा कायदा. संबंधित प्रशासनाने एक लेखी आदेश काढला तरी पुरे.

आपली नम्र,
एक वाचक