पाखरू कणगीतलं, फवारणी कपाशीवर

मा. संपादक साहेब,
स.न.

तुमच्या कृषी पानावर वाचकांनी पाठवलेले पतंगांचे फोटो येतात, चांगलंय, पण परवा एक पतंग तळहाताएवढा छापून खाली नुसतं 'गुलाबी बोंडअळीचा पतंग' लिहिलं होतं. खरा तो बोटाच्या नखात मावतो हे नव्या माणसाला कळायचं कसं?

आमच्याकडं काय झालं ते सांगतो. पोळ्याच्या आदल्या रात्री शेतातल्या आखाड्यावर बल्बाखाली बारकं पिवळसर पाखरू दिसलं, पोरानं मोबाइलवर फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला, तर पाच मिनिटांत 'बोंडअळी आली' असं ठरलं बी आणि सकाळी भावकीतल्या एकानं पाठीवर पंप घेऊन तीन एकर कपाशी फवारून काढली. दोन दिवसांनी आमच्या मंडळींनी ज्वारी काढायला कणगी उघडली तर तीच पाखरं भसकन तोंडावर! दाण्यांना बारीक गोल भोकं, काहींवर तर टिकलीएवढं झाकण तसंच चिकटलेलं. म्हणजे ते साठवणीतल्या धान्याचं पतंग.

आता ही दोन्ही एकाच कुळातली, जेलेचिडी. बोंडअळीच्या पतंगाचा पुढचा पंख तपकिरी, त्यावर काळपट पट्टे, आणि धान्यातल्याचा गव्हाळ, मागच्या पंखाचं टोक बोटासारखं निमुळतं अन् कडेला लांब झालर. पण पंख मिटून बसलेल्या पाखराचा मागचा पंख फोटोत दिसणार कसा? वर बल्बाला धडकून पंखावरची भुकटी झडलेली, मग पट्टे बी गायब. २०१४ ला आपल्या राज्यात टोमॅटोवर टुटा नावाची नागअळी सापडली, तीही याच कुळातली, तिचा पतंग आणि बटाट्याच्या पतंगात पक्का फरक करायचा तर जाणकार पोट उघडून सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियं बघतात, अन् आपण व्हॉट्सॲपवर दबलेल्या फोटोवरून औषध आणायलो.

म्हणून एवढंच करा, फोटो मागवताना शेजारी फूटपट्टी ठेवायला सांगा, एक बाजूनं काढलेला बी घ्या, कुठल्या पिकावर आणि कधी सापडला ते विचारा, आणि खात्री नसंल तर नुसतं कुळाचं नाव छापा, त्यात काही कमीपणा नाही. कपाशीवाल्याला फोटोपेक्षा कामगंध सापळा बरा, त्यातल्या ल्यूरकडं, म्हणजे मादीच्या वासाच्या गोळीकडं, बोंडअळीचे नर येतात, सलग तीन रात्री सापळ्यात ८-८ पतंग आले की मग फवारणीचा विचार. डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली, नीट न उमललेली मिटकी फुलं, शोधल्या तरी कळतं, त्याला तर मोबाइल बी लागत नाही.

आमच्या भावकीतला गडी अजून म्हणतो, फवारलं ते काही वाया नाही गेलं. कणगीतले मूठभर दाणे मी बरणीत ठेवलेत, अजून पतंग निघायलेत. फूटपट्टीसकट काढलेला फोटो सोबत जोडलाय, छापणार असाल तर नाव तेवढं बघून छापा.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक, ता. सेलू, जि. परभणी